बरणीवर झाकण हवंच!

कैरीचं लोणचं घालायचं म्हटलं की घरात केवढी धांदल असते! कैऱ्या निवडून आणायच्या, धुऊन-पुसून कोरड्या करायच्या, फोडी करायच्या, मोहरी फेसायची, फोडणी गार होईपर्यंत थांबायचं. एवढं सगळं करून एखादीनं त्या फोडी परातीत तशाच उघड्या टाकल्या आणि दिवा मालवून झोपी गेली, तर तिला आपण काय म्हणू? पण संगणकाच्या बाबतीत आपल्यापैकी पुष्कळजणी नेमकं हेच करत आहेत, असं तुमच्या पत्रांवरून दिसतं.

मागच्या दोन लेखांत आपण पायथॉन भाषेत घरहिशेबाचा छोटासा प्रोग्रॅम कसा लिहायचा ते पाहिलं. यादी म्हणजे लिस्ट कशी करायची आणि नावापुढे रक्कम लावलेली जोडयादी, म्हणजे डिक्शनरी, कशी करायची हेही पाहिलं. बऱ्याच जणींनी करून पाहिलं आणि बऱ्याच जणींची तक्रार एकच: "बाई, चालतो छान. बेरीज अगदी बरोबर येते. पण बंद करून दुसऱ्या दिवशी उघडला की सगळं कोरं!"

यात तुमची चूक काही नाही. प्रोग्रॅम चालू असताना त्याची यादी संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात असते. ही शाळेतली पाटी समजा. तास संपला की पाटी पुसून पुढच्या मुलाच्या हाती जाते. प्रोग्रॅम संपला की त्याची पाटी संगणक पुसून घेतो. लिहिलेलं उद्यालाही हवं असेल, तर पाटीवरून वहीत उतरवायला हवं. ही वही म्हणजे डिस्कवरची फाइल. प्रोग्रॅम संपताना यादी फाइलमध्ये ठेवायची आणि उद्या सुरू होताना आधी ती फाइल उघडून यादी परत पाटीवर घ्यायची. हे झालं की विसराळूपणा गेलाच म्हणून समजा.

आता ठेवायचं कसं? त्याच्या दोन मुख्य रीती आहेत.

पहिली रीत: लोणचं

गंमत म्हणजे हिचं नावच मुळी लोणचं! पायथॉनबरोबर एक आयती सोय येते, तिला पिकल म्हणतात. यादी, जोडयादी, तारखा, त्यांच्या आत आणखी याद्या, जे असेल ते जसंच्या तसं ती एका फाइलमध्ये भरून ठेवते. भरायची आज्ञा डम्प, काढायची आज्ञा लोड. मात्र फाइल उघडताना ती बायनरी पद्धतीनं उघडायची, म्हणजे लिहिताना डब्ल्यू-बी आणि वाचताना आर-बी ही अक्षरं द्यायची. नुसतं डब्ल्यू दिलं तर पायथॉन लगेच कुरकुर करतो.

पिकलचा मोठा गुण म्हणजे चव बदलत नाही. आकडा घातला तर आकडाच निघतो, तारीख घातली तर तारीखच. दोन दोष मात्र आहेत. एक, ही बरणी पायथॉनखेरीज इतरांना सहसा उघडता येत नाही. साध्या मजकुरासारखी उघडलीत तर नुसत्या चित्रविचित्र खुणा दिसतात. दुसरा दोष अधिक गंभीर. पिकलच्या फाइलमध्ये आज्ञाही दडवता येतात आणि ती उघडताच त्या चालू लागतात. म्हणून जी फाइल आपण स्वतः भरली नाही, किंवा ज्या माणसावर आपला पुरा विश्वास नाही त्याच्याकडून आली, ती पिकल म्हणून कधीही उघडू नये. पायथॉनच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतच ही ताकीद दिलेली आहे. रस्त्यात सापडलेल्या बरणीतलं लोणचं आपण मुलांच्या पानात वाढत नाही, त्यातलाच प्रकार!

याच लोणच्याचं एक फडताळही मिळतं. त्याचं नाव शेल्व्ह. त्यात प्रत्येक नावाची वेगळी बरणी राहते, त्यामुळे एकच हवी असेल तर सगळी ओळ खाली काढावी लागत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की फडताळातून यादी काढून तिच्यात भर घातलीत, तर ती पुन्हा जागेवर ठेवायची. हातातल्या हातात बदललीत तर फडताळातली जुनीच राहते.

दुसरी रीत: चिठ्ठी

दुसऱ्या रीतीचं नाव जेसन. जावास्क्रिप्ट भाषेतल्या लिहिण्याच्या पद्धतीवरून ही निघाली आणि डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थांनी या शतकाच्या सुरुवातीला ती नीट मांडून लोकांपुढे ठेवली. पायथॉनमध्ये ती २००८ साली, २.६ या आवृत्तीपासून आयती मिळू लागली. यात यादी साध्या मजकुरात लिहिली जाते. कोणत्याही संगणकावर फाइल उघडा, डोळ्यांनी वाचता येते. दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रॅमलाही कळते आणि उघडली म्हणून कुठलीही आज्ञा चालत नाही.

मग तोटा काय? जेसनला पदार्थ थोडेच ठाऊक आहेत: मजकूर, आकडा, खरं-खोटं, 'काही नाही', यादी आणि जोडयादी. तारीख तिला कळत नाही. ती दिलीत तर काम मध्येच सोडून चूक दाखवते. आणि जोडयादीत डावीकडे जे लिहिलेलं असतं, ज्याला आपण किल्ली म्हणजे की म्हणतो, ते जेसनमध्ये नेहमी मजकूरच असतं. तुम्ही ७ हा आकडा घातलात तरी परत मिळतं ते अवतरणचिन्हांत बसलेलं '७' हे अक्षर. दिसायला दोन्ही सारखे, पण प्रोग्रॅमच्या लेखी ते दोन वेगळे परके.

तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्यानं काय बिघडतं? काय बिघडतं ते सांगते. सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलंच पाहिजे.

आमच्या आळीत आम्ही अठरा जणी दिवाळी फंड चालवतो. दर रविवारी संध्याकाळी माझ्या ओसरीवर जमायचं, जिला जमेल तेवढे पैसे भरायचे आणि दिवाळीच्या आधी ज्याचे त्याला परत. हिशेब माझ्याकडे. २०२३ च्या जानेवारीपासून मी तो वहीऐवजी संगणकावर घेतला. प्रत्येकीला एक नंबर, नंबरापुढे जमा रक्कम. रक्कम टाकली की खाली एकूण बेरीज दिसे आणि ती मी भिंतीवरच्या कॅलेंडरात टिपून ठेवी. सहा महिने पिकलमध्ये सगळं सुरळीत चाललं.

जुलैच्या पहिल्या रविवारी, २ तारखेला, मला वाटलं की हिशेब सगळ्यांना वाचता येईल असा ठेवावा. म्हणून पिकल सोडून जेसन घेतलं. भाचीनं फोनवर सांगितलं तशा दोन ओळी बदलल्या आणि फाइल ठेवली. पुढच्या रविवारी, ९ तारखेला, धो धो पाऊस. पदर डोक्यावर घेऊन एकटी सात नंबरची मावशी आली. चार घरी पोळ्या लाटून पोट भरणारी बाई. दर रविवारी दोनशे रुपये, एकही रविवार चुकला नाही. मी तिचे दोनशे टाकले, खाली बेरीज आली ७४,६०० आणि ती मी टिपली. बरोबर होती.

१६ तारखेला मी सहामाहीची यादी सगळ्यांसमोर वाचायला घेतली. एक नंबर, दोन नंबर, सगळं ठीक. "सात नंबर, दोनशे रुपये."

ओसरीवर एकदम शांतता पसरली. मावशी म्हणाली, "ताई, परत वाचा की." मी परत वाचलं. दोनशेच. उरलेल्या सतरा जणींची रक्कम पैशापैशाला जुळत होती. मागून कुणीतरी म्हणालंही, "विसरल्या असतील भरायला. कामाच्या गडबडीत होतं असं." मावशी उभी राहिली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "म्या एक बी आइतवार चुकवला न्हाई, ताई. तुमच्या मशिनला इचारा." आणि चप्पल घालून निघून गेली.

मला कबूल केलं पाहिजे, मैत्रिणींनो, त्या क्षणी मीसुद्धा मनात म्हटलं की मशीन कशाला खोटं बोलेल? सतरा जणींचं बरोबर आणि एकीचंच चूक, असं कसं होईल? रात्री पानं वाढताना यांनी विचारलं, "आज एवढी गप्प का?" मी सांगितलं. हे म्हणाले, "कॅलेंडरात बेरीज टिपतेस ना? मग ती बघ."

बघितली. मागच्या रविवारी ७४,६०० आणि आज एकही रक्कम काढली नसताना ६९,२००. वजाबाकी केली तर ५,४००. सत्तावीस रविवार, दोनशेप्रमाणे. मावशीचेच पैसे! माझ्या घशाखाली घास उतरेना.

दुपारच्या गडबडीत नवीन रक्कम कुणी भरली नव्हती आणि प्रोग्रॅम मी काही न साठवता तसाच बंद केला होता. नशीब माझं! जेसनची फाइल साधा मजकूर म्हणून उघडली. आणि तिथं सात नंबर एकदा नाही, दोनदा होता. एका ठिकाणी ५,४००, सगळ्यांत शेवटी पुन्हा सात आणि २००.

झालं होतं असं. २ तारखेला जेसननं सगळे नंबर मजकूर करून ठेवले. ९ तारखेला ते मजकूर म्हणूनच परत आले. मी मात्र पूर्वीसारखा ७ हा आकडा टाकला. प्रोग्रॅमनं पाहिलं, आकडा ७ यादीत नाही. त्यानं मुकाट्यानं नवीन खातं उघडलं आणि त्यात दोनशे घातले. पाटीवर दोन्ही खाती होती, म्हणून एकूण बेरीज बरोबर आली. ठेवताना आकडा ७ चाही मजकूर झाला आणि फाइलमध्ये एकाच नावाची दोन खाती पडली. पुढच्या वेळी उघडताना पायथॉननं एकाच नावाची दोन खाती पाहिली, तेव्हा शेवटचं धरलं आणि आधीचं सोडून दिलं. एका शब्दानं कुरकुर नाही. पावसात भिजून जी एकटी आली, तिचेच पैसे गेले. न येणाऱ्या सतरा जणींचे शाबूत राहिले.

सकाळी चहाही न घेता मी मावशीच्या घरी गेले. तिनं काही न बोलता भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं. जानेवारीपासून प्रत्येक रविवारी पेन्सिलीची एकेक फुली. मी मोजल्या, अठ्ठावीस. पाच हजार सहाशे. तिला लिहिता येत नाही, पण तिची वही माझ्या संगणकाहून पक्की निघाली. पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर, उभी राहून, चूक माझी होती असं सांगितलं. चार भिंतींत मागितलेली माफी पुरेशी नव्हती, कारण तिचा कमीपणा चार जणींसमोर झाला होता. मावशी आली होती. हसली आणि दोनशे रुपये पुढे केले.

त्यानंतर मी काही नियम घालून घेतले. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

१. किल्ली पहिल्यापासून मजकूरच ठेवा. जेसन वापरायचं असेल तर नंबर टाकतानाच त्याचा मजकूर करून घ्या. त्याची आज्ञा आहे एस-टी-आर. मग आज, उद्या, परवा सगळीकडे तो सारखाच राहतो. हा त्रास फक्त किल्लीचा आहे बरं का. उजवीकडची रक्कम आकडाच राहते.

२. ठेवण्याआधी परत काढून ताडून बघा. यादीचा जेसन मजकूर करायचा, तोच लगेच परत उघडायचा आणि मूळ यादीशी जुळतो का ते बघायचं. आज्ञा डम्प्स आणि लोड्स, शेवटी स असलेल्या. जुळलं नाही तर प्रोग्रॅमनं थांबून तसं सांगायचं. ही एक ओळ माझ्याकडे असती, तर २ जुलैलाच चूक कळली असती.

३. तारीख मजकुरात लिहा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२३-०७-०९ अशी. आयसोफॉरमॅट ही आज्ञा तारखेचा असा मजकूर करून देते आणि फ्रॉमआयसोफॉरमॅट परत तारीख करते. अशा लिहिलेल्या तारखा क्रमानंही आपोआप नीट लागतात.

४. जुन्या बरणीत सरळ हात घालू नका. फाइल डब्ल्यूनं उघडली की त्याच क्षणी ती रिकामी होते, लिहायला सुरुवात होण्याच्या आधीच! मग लिहिता लिहिता वीज गेली, किंवा मध्येच जेसनला न कळणारी तारीख आली, तर जुनं गेलं आणि नवं अर्धवट. म्हणून नवीन हिशेब आधी त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहा. तो पुरा झाला आणि फाइल बंद झाली, की ओ-एस-मधल्या रिप्लेस या आज्ञेनं ती जुनीच्या जागी बसवा. नवी बरणी भरून झाल्याशिवाय जुनी रिकामी करायची नाही, ही आपल्या आज्यांची रीतच आहे.

५. 'फाइल नाही' आणि 'फाइल वाचता येत नाही' यांत गल्लत करू नका. पहिल्या दिवशी फाइल नसणारच, तेव्हा रिकामी यादी घेऊन सुरुवात करणं योग्य. पण काहीजणी प्रोग्रॅममध्ये असं लिहितात, की कुठलीही अडचण आली तर रिकाम्या यादीनं सुरू कर. हे घातक आहे. एखाद्या दिवशी फाइलचा एक कंस जरी बिघडला तरी प्रोग्रॅम मुकाट्यानं रिकामी यादी घेईल आणि शेवटी तीच जुन्या हिशेबावर लिहून टाकेल. फाइल सापडलीच नाही एवढ्यापुरतीच सूट द्या. बाकी काही झालं तर प्रोग्रॅमनं आरडाओरडा केलेलाच बरा.

६. मराठी अक्षरांसाठी दोन गोष्टी. फाइल उघडताना एनकोडिंग म्हणून यूटीएफ-८ लिहा, विशेषतः विंडोजच्या संगणकावर. आणि जेसनला एन्शुअर-आस्की फॉल्स असं सांगा. नाही तर 'मावशी' च्या जागी तिरप्या रेघा आणि आकड्यांची माळ दिसेल. हिशेब बिघडत नाही, पण डोळ्यांनी वाचायची सोय जाते आणि तुम्ही पाहिलंच, मला ती सोय किती उपयोगी पडली.

७. नुसती खतावणी नको, रोजकीर्द ठेवा. मी प्रत्येकीची फक्त एकूण रक्कम ठेवत होते. ती पुसली गेली की मागे खूण नाही. आता मी प्रत्येक भरणा वेगळा लिहिते: तारीख, नंबर, रक्कम. बेरीज दर वेळी प्रोग्रॅम नव्यानं करतो. जुन्या दुकानदारांच्या वह्या अशाच असत आणि मावशीचं कॅलेंडरही तसंच होतं.

आता शेवटचा प्रश्न. दोन्हींपैकी कोणतं निवडावं? घरातल्या घरात, फक्त तुमच्याच प्रोग्रॅमसाठी, चार दिवसांपुरतं काही झाकून ठेवायचं असेल तर पिकल सोयीचं. पैशांचा, दुसऱ्यांचा आणि वर्षानुवर्षं राहायचा हिशेब असेल तर जेसन, पण वरचे नियम पाळून. आणि काहीही निवडलंत तरी महिन्यातून एकदा फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा, आणि एक कागदावर छापून सगळ्यांना दाखवा.

आमच्याकडे आता दर रविवारी रक्कम भरली की भरणारी स्वतः पडद्यावर आपलं नाव आणि आपली जमा वाचून बघते. मावशीला वाचता येत नाही, म्हणून तिच्यापुरती मी मोठ्यानं वाचते आणि ती मान डोलावून कॅलेंडरावरची फुली मोजते. दोन्ही जुळल्याशिवाय मी प्रोग्रॅम बंद करत नाही.

पुढच्या लेखात याच रोजकीर्दीतून महिनावार खर्चाचा तक्ता कसा काढायचा ते पाहू. तोपर्यंत तुमचा हिशेब आज एकदा बंद करून पुन्हा उघडून बघा. जेवढं ठेवलंत तेवढंच निघालं का, ते मला जरूर कळवा.